देहाची डागडुजी

"जीव वाचला ना? मग आतां आणखी काय हवें?"

हें वाक्य मीं गेल्या चैत्रांत आमच्या माजघरांत उच्चारलें. ज्या पुतणीला उद्देशून तें होतें ती त्यावर कांहींएक न बोलतां चहाचे पेले उचलून आंत निघून गेली. छत्तीस वर्षें शाळेंत घालविलेल्या माणसाला शांततेचे प्रकार ओळखतां येतात. एक शांतता लक्ष देऊन ऐकणाऱ्यांची असते. दुसरी, आतां या मास्तरांशीं बोलण्यांत अर्थ नाहीं असें मनाशीं ठरविलेल्यांची. ही दुसऱ्या प्रकारची होती, एवढें मला त्याच क्षणीं समजलें. पण माझी चूक नेमकी कोठें झाली तें पुरतें समजावयास तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत जें समजलें तें आज पुतणीच्याच अनुमतीनें वाचकांपुढें ठेवीत आहें.

या सदराच्या वाचकांना माझ्याकडून व्याकरण, व्रतें, मुलांचा अभ्यास, फार तर जुन्या वाड्यांच्या वाटणीचे तंटे, एवढ्याच विषयांची संवय आहे. आजचा विषय निराळा आहे, आणि तो घरांत मोठ्यानें बोलला जात नाहीं म्हणूनच लिहावयास घेतला आहे. असला विषय या पानावर शोभत नाहीं असें कित्येकांस वाटेल. सहा महिन्यांपूर्वीं मलाहि तसेंच वाटलें असतें. अशा वाचकांनीं पान उलटण्यापूर्वीं एवढाच विचार करावा, कीं आपल्या घरांत आई, बहीण, सून, लेक यांपैकीं कोणी ना कोणी आहेच.

पुतणीचें वय आज पन्नाशीच्या घरांत आहे. आठ वर्षांपूर्वीं तिच्या डाव्या स्तनाला कॅन्सर झाला. शस्त्रक्रियेंत तो स्तन काढावा लागला, आणि त्याच वेळीं त्या जागीं सिलिकोनची एक पिशवी, डॉक्टरलोक जिला इंप्लांट म्हणतात ती, बसविण्यांत आली. पुढें त्या बाजूस किरणोपचार झाले. रोग परतला नाहीं. पांच वर्षें निर्वेध गेलीं तेव्हां घरांत सत्यनारायण झाला, पेढे वांटले, आणि आम्हां वडील मंडळींच्या दृष्टीनें तें प्रकरण मिटलें.

तिच्या दृष्टीनें तें मिटलें नव्हतें. वर्षें गेलीं तशी डावी बाजू कठीण होत वर सरकत गेली, आणि उजवी बाजू, जी देवाघरची होती, ती वयाच्या मानानें खालीं उतरत गेली. दोहोंत तीन बोटांचें अंतर पडलें. शिंप्याला दोन बाजूंचीं दोन मापें देण्याची पाळी आली. पदर दोन ठिकाणीं टांचल्याशिवाय ती देवघरांतहि जाईना. वांकून रांगोळी घालणें तिनें सोडून दिलें होतें, आणि 'कंबर धरते' हें तिनें सांगितलेलें कारण आम्हीं सर्वांनीं खरें मानलें होतें. आतां दोन्ही बाजू होतील तितक्या सारख्या करून घेण्यासाठीं ती शस्त्रक्रिया करूं म्हणत होती. आणि त्यावर मी वरील वाक्य बोललों.

त्या रात्रीं आमच्या कुटुंबानें माझा समाचार घेतला. "तुमची कवळी गेल्या सहा वर्षांत तीन वेळां दुरुस्त करून आणली," ती म्हणाली. "एकदां खडखडते म्हणून, एकदां टोंचते म्हणून, एकदां बोलतांना पुढें येते म्हणून. तेव्हां कोणी तुम्हांला म्हटलें का, कीं घांस पोटांत जातो ना, मग आणखी काय हवें?"

मजजवळ उत्तर नव्हतें. उलट मला आठवलें तें दंतवैद्याचें बोलणें. तिन्ही वेळां त्यानें एकच गोष्ट सांगितली होती: 'गुरुजी, कवळी बिघडलेली नाहीं. ती आहे तशीच आहे. तुमच्या हिरड्या आटल्या आहेत.' या एका वाक्यांत आजच्या विषयाचें सारें मर्म आहे, हें पुढें मला कळावयाचें होतें.

पुतणीचे यजमान नोकरीनिमित्त परगांवीं असतात. म्हणून पुढच्या पंधरवड्यांत आम्हीं उभयतांनीं तिला शस्त्रवैद्य बाईंकडे नेलें. मी बाहेर बांकावर बसणार होतों. पण तपासणी झाल्यावर पुतणीनेंच मला आंत बोलाविलें. "काका, तुम्हीहि ऐका," ती म्हणाली. त्या बाई प्लास्टिक शस्त्रक्रियेच्या पदवीधर होत्या. 'प्लास्टिक' म्हटलें कीं माझ्या डोळ्यांपुढें आजवर बादल्या व तांबे येत असत. परंतु मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडविणें, आकार देणें असा आहे, आणि ही शस्त्रक्रिया बादल्यांच्या प्लास्टिकहून पुष्कळ जुनी आहे. बाईंनीं एका कागदावर आकृति काढून जें सांगितलें त्याचा सारांश असा.

स्तनाला स्वतःचा स्नायु नसतो. तो छातीच्या स्नायूवर विसावलेला असतो, आणि त्याला वर धरून ठेवण्याचें काम वरची त्वचा व आंतील तंतूंचे पट्टे करतात. या पट्ट्यांना अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शस्त्रवैद्याचें नांव आहे. स्तनाच्या रचनेवरचा त्याचा ग्रंथ १८४० सालीं प्रसिद्ध झाला. वय, बाळंतपणें, वजनाचा चढउतार यांनीं हे पट्टे व त्वचा सैल पडतात. आणि एकदां सैल पडलेले पट्टे व्यायामानें, तेलानें वा लेपानें पुनः घट्ट होत नाहींत. व्यायामानें खालचा स्नायु बळकट होतो, हा लाभ निराळा. आंत बसविलेल्या पिशवीचें वजन साधारणपणें २०० ते ४०० ग्रॅम असतें. तेंहि त्याच त्वचेला तोलावें लागतें. तेव्हां पिशवी बसविली म्हणजे उतार कायमचा थांबला, ही समजूत चुकीची. मोठी पिशवी असली तर तो उतार लवकरहि येतो.

शरीराची दुसरी एक खोड आहे. बाहेरची वस्तु आंत आली कीं तें तिच्याभोंवतीं व्रणासारख्या तंतूंचें एक वेष्टन विणतें. बहुधा हें वेष्टन पातळ व मऊ राहतें, आणि त्याचा उपद्रव होत नाहीं. कित्येकांत मात्र तें मूठ आवळावी तसें आवळत जातें. मग आंतील पिशवी मऊच असूनहि हाताला कठीण लागते, वर ढकलली जाते, कधीं दुखूंहि लागते. किरणोपचार झालेल्या बाजूस असें अधिक घडतें.

याखेरीज आणखी दोन प्रकार. एकांत पिशवीच्या कप्प्याचा तळ सैल होतो, आणि स्तनाखालची जी नैसर्गिक घडी असते तिच्याहि खालीं पिशवी घसरते. दुसऱ्यांत पिशवी जागच्या जागीं राहते, पण तिच्यावरचें मूळ मांस व त्वचा तिच्यावरून ओघळल्यासारखीं उतरतात. तिन्ही प्रकारांत पिशवी बहुधा निर्दोष असते. तिच्याभोंवतालचा देह बदललेला असतो. हें ऐकतांच मीं दंतवैद्याचें वाक्य सांगितलें. बाई हंसून म्हणाल्या, "आमच्या रुग्णांना समजावयास याहून सोपा दृष्टांत मला अजून सांपडला नव्हता."

हा अनुभव पहिल्याच रोपणापासूनचा आहे, हेंहि पुढें मला वाचनांत आढळलें. अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत ह्यूस्टन या शहरीं क्रोनिन व जेरो या दोन डॉक्टरांनीं सन १९६२ मध्यें टिमी जीन लिंड्से नांवाच्या, सहा मुलांच्या आईच्या छातींत सिलिकोनचीं पहिलीं रोपणें बसविलीं. बाई रुग्णालयांत गेली होती तिच्या अंगावरचें गोंदण काढून घेण्यासाठीं. रोपणाविषयीं तिला डॉक्टरांनींच विचारलें. तिला स्वतःला हवे होते ते बाहेर आलेले कान नीट करून. दोन्ही कामें झालीं. पन्नास वर्षांनंतर, २०१२ सालीं, वर्तमानपत्रकारांनीं तिची गांठ घेतली तेव्हां तिनें आपलें आश्चर्य सांगितलें तें असें, कीं हीं एकदां बसविलीं तेथेंच राहतील असें तिला वाटलें होतें. परंतु इतर बायकांप्रमाणें तिचेहि स्तन वयाबरोबर उतरले. जगांतील पहिल्या रोपणानें जगाला शिकविलेला धडा हा असा आहे. वस्तु तशीच राहते. तिच्या भोंवतालचें माणूस म्हातारें होतें.

आतां उपाय. ते एकच एक नाहींत, आणि कोणताहि फुकट मिळत नाहीं. उतरलेला स्तन वर घेण्याच्या शस्त्रक्रियेंत जादा त्वचा काढून, आंतील मांस वर घेऊन टांकतात आणि स्तनाग्र नव्या जागीं आणतात. उतार थोडा असेल तर काळ्या वर्तुळाभोंवतींच छेद पुरतो. अधिक असेल तर तेथून खालीं उभा, आणि त्याहून अधिक असेल तर घडीच्या रेषेंत आडवाहि छेद द्यावा लागतो. व्रण राहतातच; वर्षभरांत ते फिकट होतात, नाहींसे होत नाहींत. कप्प्याचा तळ सुटला असेल तर तो आंतून शिवून घेतात, व टांका टिकावा म्हणून कधीं आधाराला जाळी लावतात. ही जाळी कांहीं वेळां माणसाच्या, डुकराच्या किंवा गाईच्या त्वचेपासून केलेली असते. ज्या घरांत याविषयीं कांहीं भावना असतील तेथें ही गोष्ट आधीं विचारून घ्यावी. डॉक्टर सांगतात, फक्त विचारावें लागतें. आवळलेलें वेष्टन असेल तर तें काढून पिशवी बदलतात, किंवा पिशवी कायमची काढून पोटाचें मांस व चरबी तेथें आणून स्तन घडवितात. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. लहानसहान खोलगट भाग भरावयास पोटाची चरबी नळीनें काढून सुईनें तेथें घालतात. तिच्यांतील कांहीं भाग शरीर शोषून घेतें, म्हणून हें दोन-तीन वेळां करावें लागतें.

आमच्या पुतणीच्या बाबतींत बाईंनीं निराळाच प्रश्न पुढें ठेवला. "डावी बाजू किरणांनीं भाजलेली आहे. तिच्यावर मोठा हात टाकणें जोखमीचें आहे. मग डावीला उजवीसारखी करावयाची, कीं उजवीला डावीच्या जवळ आणावयाची?" मला हा प्रश्नच नवीन होता. निरोगी अंगावर शस्त्र चालवावयाचें? पण बाईंनीं समजाविलें, कीं सारखेपणा हा एका बाजूचा गुण नव्हे, तो दोन बाजूंमधला संबंध आहे. व्याकरण शिकविणाऱ्याला हें वेगळें सांगावें लागूं नये. कर्ता बदलतां येत नसेल तर क्रियापद त्याच्या रूपाला आणावें लागतें. अमेरिकेंत तर १९९८ सालच्या एका कायद्यानें असें ठरविलें आहे, कीं जी विमायोजना स्तन काढण्याचा खर्च देते तिनें त्याच्या पुनर्रचनेचा आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसऱ्या स्तनावर करावयाच्या शस्त्रक्रियेचाहि खर्च दिला पाहिजे. म्हणजे ज्या गोष्टीला मी माजघरांत हौस समजत होतों ती तेथील लोकसभेनें उपचाराचा भाग मानली होती.

हौसेविषयींहि दोन शब्द लिहितों. कोणताहि रोग नसतां केवळ रूपासाठीं हें रोपण करून घेणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि त्यांच्यांतील कित्येकींना पुढें हाच उतार व हीच असमानता भोगावी लागते. माझ्या पिढीला ही हौस रुचत नाहीं, आणि मीहि कोणा तरुण मुलीला तिचा सल्ला देणार नाहीं. परंतु जिनें केलें तिला पुढें त्रास झाला असतां 'बरें झालें, भोगा आतां' असें म्हणणें हें वैद्यकहि नव्हे आणि धर्महि नव्हे. ज्यानें पतंग उडवितांना हात मोडून घेतला त्याचाहि हात आपण बसवितोंच.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. जीव वाचला असतां रूप कशाला हवें? याचें उत्तर शोधतांना मला आपल्या पुण्याची एक जुनी गोष्ट आठवली. १७९२ च्या टिपूबरोबरच्या युद्धांत इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी नांवाचा गडी शत्रूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्याला नाक करून दिलें. त्यानें मेणाचें नाक बनविलें, तें उलगडून कपाळावर पसरलें, त्या मापानें कपाळाची कातडी सोडविली आणि भुंवयांच्या मध्यें तिचा एक धागा जिवंत ठेवून ती खालीं वळवून बसविली. १७९३ सालच्या या कर्माची सचित्र हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' मासिकांत ऑक्टोबर १७९४ मध्यें छापली गेली, आणि ती वाचून पुढें १८१४ सालीं कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें लंडनमध्यें तशीच शस्त्रक्रिया केली. आपल्या सुश्रुतसंहितेंत तर गालाच्या कातडीनें नाक सांधण्याची रीत त्याच्या कित्येक शतकें आधींच सांगितली आहे. आजची सारी प्लास्टिक शस्त्रक्रिया या नाकाचेंच गोत्र सांगते.

कावसजी श्वास घेत होता, जेवत होता. त्याचा जीव वाचलेलाच होता. तरीहि 'आतां नाक कशाला?' असें त्याला कोणी विचारल्याचें लिहिलेलें नाहीं. कारण नाक म्हणजे काय हें मराठी माणसाला सांगावें लागत नाहीं. आपल्या भाषेंत नाक कापलें जातें, नाक वर राहतें, नाकाला मिरच्या झोंबतात. पुरुषाचें जें अंग गेलें त्याला आपण अब्रू असें नांव दिलें. म्हणून तें परत मिळविणें हें कर्तव्य ठरलें. स्त्रीचें जें अंग गेलें त्याला मात्र आपण घरगुती बोलींत साधें नांवहि ठेवलें नाहीं. मूल 'अंगावर' पितें म्हणतों, आणि पुढें बोलत नाहीं. मीं स्वतः तीस वर्षें संस्कृताच्या तासाला कालिदासाचे कांहीं श्लोक 'घरीं वाचा' म्हणून वगळले. मुलें घरीं वाचीत असतीलच. पण कोणत्या अंगाविषयीं मोठ्या माणसांसमोर बोलावयाचें नसतें, हा धडा मात्र मीं वर्गांत न चुकतां शिकविला. ज्याला नांव नाहीं त्याची तक्रार कशी करावयाची? मग 'कंबर धरते' असें सांगावें लागतें.

आणि येथें मला आमच्या थोरल्या काकू आठवतात. मी त्या वेळीं दहा-अकरा वर्षांचा असेन. काकूंची मुंबईस कसली तरी मोठी शस्त्रक्रिया झाली, एवढेंच आम्हां मुलांना ठाऊक होतें. त्या काळीं स्तनाबरोबर छातीचा स्नायूहि काढून टाकीत. घरीं परतल्यावर काकू नेहमीं भिंतीकडे एक खांदा करून बसत. एके दिवशीं परसांत तुळशीमागच्या दोरीवर आम्हां भावंडांना एक वाटोळी पिशवी वाळत घातलेली दिसली. जुन्या लुगड्याच्या कापडाची, बंद लावलेली, आंत मोहरी भरलेली. आम्हीं तिचा चेंडू केला. तिसऱ्या-चौथ्या फेंकीला ती उसवली आणि मोहरी सगळ्या परसांत विखुरली. वडिलांनीं त्या दिवशीं आम्हां तिघांना मारलें. कां मारलें तें सांगितलें नाहीं. काकू बाहेर आल्या, उकिडव्या बसल्या, आणि संध्याकाळपर्यंत ती मोहरी वेंचीत राहिल्या. कोणाला कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनाहि घरांत सगळे हेंच म्हणत असले पाहिजेत, कीं जीव वाचला ना.

ती पिशवी कशासाठीं होती हें मला डॉक्टरबाईंच्या खोलींत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, एकदम समजलें. बाई पुतणीला पर्याय सांगत होत्या: शस्त्रक्रिया नकोच असेल तर कांचोळीच्या आंत बसणारे, वजनाचे, तयार उंचवटे मिळतात, सुती दोऱ्यानें विणलेलेहि असतात, त्यांनींहि दोन्ही बाजू सारख्या दिसतात, आणि पुष्कळ स्त्रिया त्यांवर समाधानी आहेत. मी खिडकीबाहेर पाहूं लागलों. पुतणीला वाटलें काकांना संकोच झाला.

वडील मंडळींना व्यवहाराच्या कांहीं गोष्टी सांगून ठेवतों, कारण अशा प्रसंगीं घरांत पैसा व निर्णय बहुधा त्यांच्या हातीं असतात.

पहिली गोष्ट काळाची. नवें रोपण स्थिर होण्यास तीन ते सहा महिने लागतात. त्या अवधींत दोन बाजू थोड्या वरखालीं दिसल्या तर घाबरूं नये, व दुरुस्तीची घाईहि करूं नये. परंतु ताप, लाली, पाणी वा पू, एकाएकीं सूज, हीं लक्षणें दिसतांच त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. रोपणानंतर कित्येक वर्षांनीं एका बाजूस अकस्मात् सूज आली तरी ती अंगावर काढूं नये. खरबरीत पृष्ठाच्या रोपणांभोंवतीं क्वचित् एक प्रकारचा लसिकापेशींचा कॅन्सर होतो असें आढळून आल्यामुळें, त्यांतील कांहीं रोपणें २०१९ सालीं त्यांच्या उत्पादकांनीं जगभरांतून परत मागविलीं. म्हणून कोणतें रोपण बसविलें, त्याचा आकार व क्रमांक काय, हें लिहिलेलें कार्ड रुग्णालयाकडून मागून घ्यावें आणि घराच्या कागदपत्रांत ठेवावें.

दुसरी गोष्ट तपासणीची. हीं रोपणें जन्मभर पुरण्यासाठीं केलेलीं नसतात. सिलिकोनची पिशवी आंतल्या आंत फुटली तरी पुष्कळदां बाहेर कांहीं जाणवत नाहीं. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०२० सालीं असें सुचविलें आहे, कीं रोपणानंतर पांच-सहा वर्षांनीं पहिली सोनोग्राफी किंवा एम्.आर्.आय्. तपासणी करावी, आणि पुढें दर दोन-तीन वर्षांनीं करीत जावें. दुसऱ्या, निरोगी स्तनावर शस्त्रक्रिया करावयाची तर त्यापूर्वीं त्याची मॅमोग्राफीहि झाली पाहिजे.

तिसरी गोष्ट तंबाखूची. सिगारेटच नव्हे, तर मिश्री व तपकीर यांमधील निकोटिनानेंहि त्वचेचा रक्तपुरवठा घटतो. जखम भरत नाहीं, कधीं स्तनाग्राची त्वचा मरते. आमच्या कुटुंबांतील एक आजी तपकिरीला 'औषध' म्हणत असत. शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टर विचारतील तेव्हां हें औषधहि लपवूं नये.

चौथी गोष्ट पैशाची. आपल्याकडील आरोग्यविम्याच्या प्रमाणित शर्तींत रूपासाठीं केलेली प्लास्टिक शस्त्रक्रिया वगळलेली असते; पण अपघात, भाजणें किंवा कॅन्सर यांनंतरच्या पुनर्रचनेला तो नियम लागूं नसतो. दुसऱ्या बाजूची दुरुस्ती या पुनर्रचनेंत मोडते कीं नाहीं, हें कंपनीकडून आधीं लेखी विचारून घ्यावें, व डॉक्टरांच्या पत्रांत कॅन्सरचा उल्लेख स्पष्ट असावा. सौंदर्याची जाहिरात करणाऱ्या कोणत्याहि दुकानांत न जातां, प्लास्टिक शस्त्रक्रियेची एम्.सीएच्. किंवा तत्सम पदवी असलेल्या डॉक्टराकडेच जावें. आणि जो डॉक्टर 'दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करून देतों' असें म्हणेल त्याच्या पायऱ्या पुनः चढूं नयेत. निसर्गानेंहि कोणाच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या केलेल्या नाहींत.

शेवटची गोष्ट पैशाची नव्हे. हा निर्णय जिचा देह तिचा. कोणी रोपण बदलील, कोणी तें काढूनच टाकील, कोणी कांहींच करणार नाहीं. यांतील एकहि उत्तर चुकीचें नाहीं. तिनें विचारल्यास आपण बरोबर जावें, तिनें सांगितल्यास ऐकावें, आणि 'जीव वाचला ना' हें वाक्य तेवढें पोटांत ठेवावें. जीव वाचला हें तिला आपल्याहून अधिक ठाऊक असतें. ती आतां त्या वाचलेल्या जिवाला नांदावयाला घर नीट करून मागत असते. वाड्याचें छत कोसळतांना वांचलें म्हणून गळक्या कौलांखालीं जन्मभर बसा, असें आपण कोणा बिऱ्हाडकरूलाहि सांगत नाहीं.

पुतणीनें शेवटीं मधला मार्ग घेतला. श्रावणांत उजवी बाजू शस्त्रक्रियेनें वर घेतली. डावीकडे पोटाची थोडी चरबी घातली, आणखी एकदां घालावयाची आहे. डावी बाजू अजून जराशी कठीण आहे, उजवीकडचा व्रण अजून तांबूस आहे. दोन्ही बाजू सारख्या झाल्या असें तीहि म्हणत नाहीं. एकमेकींच्या शेजारच्या वाटतात, एवढें ती आपल्या काकूला म्हणाली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मी ओसरीवर आलों तों ती अंगणांत वांकून ठिपक्यांची रांगोळी घालीत होती. पदर खांद्यावर मोकळा होता. एका हातानें तिनें तो सहज कंबरेला खोंचला होता. माझी चाहूल लागतांच तिनें वर न पाहतां विचारलें, "ओळी सरळ आल्या आहेत का हो काका?"

मीं चष्मा नीट केला. डावीकडची एक ओळ किंचित् वर गेली होती.

"आल्या आहेत," मीं सांगितलें, आणि पणत्या घेऊन खालीं उतरलों.